कुत्रा गावाला गेला

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आपल्या बालचित्रपट मंडळाचे चिटणीस, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मावळते निवडप्रमुख, आणि पंखे बंद पडूनही जागचे न हललेले पालक बंधुभगिनी,

साहेबांविषयी चार गोड शब्द बोला, असं चिटणीसांनी मला बजावलं आहे. चार म्हणजे चार. साहेब वक्तशीर आहेत, नीटनेटके आहेत, चहा बिनसाखरेचा घेतात आणि चित्रपट बघताना घोरत नाहीत. झाले चार. आता पुढचे माझे.

लहान मुलांनी काय पाहावं हे ठरवायचं म्हणजे केवढी जोखीम! आम्ही निवड समितीवाले मागच्या खोलीत बसून चित्रपट बघायचो आणि साहेबांचा प्रश्न एकच असायचा, "कुणी मरतं का?" गोष्ट काय, भाषा कशी, ते गेलं चुलीत. एका कार्टूनमध्ये कोंबडा कोल्ह्याला हातोड्याने ठेचतो. ठेचतो म्हणजे ठेचतच सुटतो. मी म्हटलं, "साहेब, हे बालवाडीच्या पोरांना दाखवायचं?" साहेब म्हणाले, "बाई, कोल्हा परत उठतो ना? मग मेला कुठे?" झालं, मंजूर! पुढच्या सोमवारी अर्धी बालवाडी कपाळावर टेंगळं घेऊन हजर. हसताय काय चिटणीस, त्यातलं एक टेंगूळ तुमच्याच घरचं होतं!

मग आला एका म्हाताऱ्या कुत्र्याचा चित्रपट. कुत्रा आजारी पडतो, मरतो, घरातली दोन भावंडं त्याला अंगणात पुरतात, पोटभर रडतात आणि हळूहळू पुन्हा खेळायला लागतात. इतकं साधं. साहेबांनी मरणं कापलं, पुरणं कापलं, रडणंही कापलं. अहो, अक्कल गहाण ठेवावी, पण किती? पडद्यावर कुत्रा झोपला आणि पुढच्या क्षणी नुसतं त्याचं रिकामं भांडं. पोरं ओरडायला लागली, "कुत्रा कुठंय?" काहीजण तर खुर्च्यांखाली शोधायला लागले. तेव्हा साहेब स्वतः माईकवर गेले आणि म्हणाले, "बाळांनो, कुत्रा गावाला गेला."

पोरं गप्प झाली, साहेबांची कॉलर ताठ झाली. पण पहिल्या रांगेत माझी पाच वर्षांची भाची बसली होती. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, गेल्या वर्षी आजारपणात वारली. लेकीला हे सांगायला माझ्या भावाची जीभ रेटेना. त्याने सांगून टाकलं, "आई गावाला गेलीय." मी कितीदा टोकलं, तर म्हणायचा, "ताई, तिला झेपणार नाही गं." आता ही पोर टाळ्या पिटत उभी राहिली. "आत्या, आत्या, तो माझ्या आईकडे गेला!"

घरी येऊन तिने पिशवी भरली. कुत्र्याला बिस्किटं, आईला स्वतः काढलेलं चित्र. रोज सकाळी चपला घालून दारात उभी. "बाबा, आपण कधी निघायचं?" सांगा, काय उत्तर द्यायचं? मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तो चित्रपट एकदा अख्खा दाखवू या. साहेब म्हणाले, "बाई, भावनेच्या भरात बोलू नका. मुलांचं मन कोवळं असतं." कोवळं असतं म्हणून त्यात खोटं पेरायचं? वा रे वा शहाणपण! मला तेव्हा त्यांची कीव नाही आली, चीड आली. आजही येते.

शेवटी परवा माझ्या भावाने लेकीला मांडीवर घेतलं आणि खरं ते सांगितलं. चाचरत, अडखळत, पण सांगितलं. ती खूप रडली. कुत्र्याचंही विचारलं, तेही सांगितलं. मग बऱ्याच वेळाने बाबाची हनुवटी धरून तिने विचारलं, "म्हणजे आई माझ्यावर रागावून नव्हती गेली?"

ऐकलंत, साहेब? वर्षभर ते लेकरू हे मनात घेऊन फिरत होतं. शाळेत जात होतं, डबा खात होतं, तुमच्या कोंबड्याला हसत होतं, आणि आपली आई आपल्यावर रुसून निघून गेली असं समजत होतं.

येत्या रविवारी याच सभागृहात तो चित्रपट अख्खा दाखवायचं नव्या समितीने ठरवलं आहे. साहेब, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे. शेजारी माझी भाची असेल. मध्येच तुम्हाला झेपेनासं झालं, तर तिचा हात धरा. ती सांभाळून घेईल.

आपण सर्वांनी माझं बोलणं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर ते मोठ्यांनी पोटात घालावं. लहानांवर ती वेळ आणू नये.