विदाईतला नवा प्लेअर

अबे, नव्या म्युझिक प्लेअरचं नाव माह्यासमोर काढू नका! आमच्या गावी, पवनीले, बहिणीच्या लग्नात गाण्यांची जबाबदारी माह्यावर होती. दोस्त प्रशांत म्हणे, "लॅपटॉपमधला जुना प्लेअर काढ, हा टाक. एक गाणं संपायच्या आधीच दुसरं हळूच सुरू करते. मधात शांतताच नाही." मी टाकला.

विदाईच्या वेळी सनई लावली. बहीण बाबाच्या गळ्यात पडली. सकाळपासून स्वतःले आवरून बसलेले बाबा आता रडणार, तेवढ्यात सनई विरली अन् धाडधाड वरातीचं गाणं सुरू झालं! मी बंद कराले धावलो, तर घाईत माउसच सापडेना. मावसाजी डोळे पुसता पुसता ठेका धराले लागले. बहिणीले हसू फुटलं. म्हणे, "बाबा, चला आता!" बाबा जिंदगीत पहिल्यांदा नाचले, अन् नाचता नाचताच रडले.

गाडी गेल्यावर प्रशांतनं मोठ्या हौसेनं विचारलं, "काकाजी, कसा वाटला प्लेअर?"

बाबा रुमालाची घडी करत म्हणाले, "चांगला आहे. पण त्याले सांग, बापाचं रडणं होईपर्यंत तरी थांबत जाय."