अन्नपूर्णाबाई बोलल्या नाहीत

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले सरपंच वामनराव, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, बदली होऊन निघालेल्या एड्स समुपदेशक अन्नपूर्णाबाई, बचत गटाच्या बाया आणि आमच्या मच्छीमार संस्थेचे सभासद, सगळ्यांना संस्थेचा अध्यक्ष म्हणून देवरावचा नमस्कार.

बाईंनी सावली तालुक्यात चार वर्षांत किती काम केलं, ते डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. मी एकाच दुपारचं सांगणार आहे. सोमारीबाईंना विचारूनच त्यांचं नाव घेतो आहे. त्या समोर बसल्या आहेत.

गोष्ट २००६ सालची. एड्स कमी करायचा तर एकट्या सरकारच्यानं होणार नाही, म्हणून दवाखाना, बचत गट आणि आमची संस्था यांनी मिळून काम करायचं ठरलं. त्या कागदावर संस्थेकडून माझी सही आहे. फोटोही निघाला होता. त्याला दोन महिने झाले नाहीत, तोच सोमारीबाईंचे घरवाले दसरूभाऊ वारले. ते एड्सनंच गेले, अशी गावात कुजबुज सुरू झाली. त्यात तलावाची मासेमारी आठ दिवसांवर आलेली. लोक माझ्याकडं आले. "भाऊ, तिचं जाळं पाण्यात पडलं तर आपली मासोळी कोन घेईन?"

मी काय करायला हवं होतं? मी केलं ते असं, की सभा बोलावली. सोमारीबाईंचं नाव संस्थेतून काढायचा ठराव मीच लिहून आणला.

बाई एसटीनं एकट्याच आल्या. साठेक माणसं होती. "पाण्यातून, माशांतून हा आजार पसरत नाही," त्या सांगत होत्या. ऐकतं कोण? मी टेबलावर हात आपटला.

"ते राहू द्या, बाई. सोमारीले बिमारी आहे का नाई, तेवढं सांगा."

"माझ्याकडे तपासायला कोण येतं, काय निघतं, ते मी कोणाबद्दलच सांगत नाही."

"म्हंजे आहेच!" मागून कोणीतरी ओरडलं. दोघं जण उठून दारात उभे राहिले. "सांगतल्याशिवाय जाऊ देनार नाई."

"मग बसते मी," बाई म्हणाल्या आणि बसल्या.  मग त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

मंडळी, आता जे सांगतो ते या सभागृहात बाईंना, डॉक्टरसाहेबांना आणि माझ्या घरच्या मीराबाईला, एवढ्यांनाच ठाऊक आहे. त्या सभेच्या नऊ दिवस आधी मी याच बाईंसमोर बसलो होतो. आधी काही वर्षं मी भद्रावतीकडं कोळशाच्या ट्रकवर होतो. ताप हटेना, म्हणून रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. रिपोर्ट बाईंनीच सांगितला. मी रडलो, तेव्हा पाण्याचा गिलासही त्यांनीच हातात दिला.

त्या दुपारी त्या एक वाक्य बोलल्या असत्या, तर साठ माणसांचा राग माझ्याकडं वळला असता आणि दार मोकळं झालं असतं. मी घामानं भिजलो. आता बोलतील, आता बोलतील, एवढंच डोक्यात. बाईंनी नजर खाली घेतली. त्या बोलल्या नाहीत.

मी ठराव फाडला. "दार सोडा रे," म्हटलं.

"काऊन भाऊ? झालं काय?"

 मासेमारीच्या दिवशी सोमारीबाईंचं जाळं माझ्याच डोंग्यातून पाण्यात गेलं. लोक म्हणाले, देवरावभाऊ मोठ्या मनाचा. ते मी तीन वर्षं ऐकून घेतलं. पुढं संस्थेतले चाळीस जण तपासून आले, त्याचं श्रेयही दवाखान्याच्या अहवालात मलेच दिलं आहे. खरं म्हणजे बाईंच्या तोंडून नाव फुटत नाही, हे लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते गेले.

बाई, तुमच्यामुळं औषध सुरू झालं, मी उभा आहे. मीराबाईची तपासणी चांगली निघाली. तुमचे आभार मानायचे तर खरं बोलूनच मानावे, म्हणून आज बोललो.

सरपंच, तुम्ही वेळ दिलात, मंडळींनी शांतपणे ऐकलं, उपकार आहेत. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि सोमारीबाई, ही माफी पहिल्यांदा तुमची. तीन वर्षं उशिरा मागतो आहे.