एकाहत्तर पायऱ्या आणि सात लिंबं

...अहो, पण तुम्हीच सांगा, मी काय खोटं बोललो? एजंट म्हणाला, "हॉल सोळा बाय बारा." मी खिशातून टेप काढली, भिंतीला लावली आणि म्हटलं, पंधरा फूट दोन इंच. संपलं! एवढंच! तर घर बघायला आलेलं जोडपं एकमेकांकडे बघतंय, एजंट छताकडे बघतोय, आणि पाच मिनिटांत चपला घालून मंडळी पसार... आणि वर हा मलाच विचारतो, "काका, तुम्हाला घर विकायचंय की नाही?" मला! रात्र रात्र कूस बदलणाऱ्या माणसाला!

तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. मी दुकानात पाय ठेवला की दुकानदाराच्या आधी तराजू घाबरायचा. पाव किलोत चार ग्रॅम कमी भरले तरी सोडलं नाही कुणाला, सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाही, तो अजून बोलत नाही माझ्याशी. आणि माझ्याच घरात, माझ्याच तोंडासमोर, कुणीतरी दहा इंच जास्तीचे विकायचे आणि मी तोंड मिटून बसायचं? का बसायचं?

घर का विकतोय? हौस आलीय म्हणून? चौथा मजला, लिफ्ट नाही, एकाहत्तर पायऱ्या! मी मोजल्यात, रोज मोजतो. आणि हिचे गुडघे गेलेत, दोन्ही. आठ महिन्यांत ही पाच वेळा खाली उतरली, आणि पाचही वेळा डॉक्टरकडे. दिवसभर खिडकीशी बसते आणि खालच्या रस्त्यावरच्या लोकांचं मला सांगते. "अहो, त्या निळ्या छत्रीवाल्या बाईनं कुत्रा पाळला." कोण निळ्या छत्रीवाली? हिला माहीत नाही! वरून ओळख! मला फार वाईट वाटायचं हो, पण मी बोलणार काय?

तर आम्ही याच रस्त्यावर एक तळमजला बघून ठेवला. म्हणजे मी बघितला, हिनं फोनवर फोटो बघितले. दारात दोन पायऱ्या. दोन! बाहेर बाक. विकणारी एक रिटायर्ड शिक्षिका, स्वभावानं चांगली, पण शिक्षिका ती शिक्षिकाच. म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबते. एक तारखेला दुसऱ्याला देणार." आमचं विकलं तर ते घेणार ना? म्हणून हा एजंट. दोन फोन, दोन्ही एकदम वाजणार, आणि एकाला "एक मिनिट" सांगून दुसऱ्यालाही "एक मिनिट" सांगणार. आणि काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "मार्केट थंड आहे, काका." गिऱ्हाईक का नाही? मार्केट थंड आहे. किंमत का पाडायची? मार्केट थंड आहे. तू काल येणार होतास, आलास का नाही? "काका, मार्केट..." अरे, मार्केट थंड आहे तर तुझे पाय का गारठले?

मग म्हणाला, "घर सजवावं लागेल." आमचं घर काय उघडंनागडं होतं? पण नाही! भिंतीवरचे फोटो उतरवून कपाटात कोंबले. "लोकांना यात स्वतःचं घर दिसलं पाहिजे, काका, तुमचे सासरे नाही." माझी आरामखुर्ची बाथरूममध्ये. हिचा औषधांचा डबा कपाटात, गाद्या कपाटात, शिलाई मशीन कपाटात, मीच तेवढा बाहेर! आणि टेबलावर काय ठेवलं? काचेचा वाडगा, आणि त्यात सात लिंबं. प्लास्टिकची! म्हटलं, ही कशाला? तर म्हणे, "फ्रेश वाटतं." एका बाईच्या पोरानं त्यातलं एक कचकन चावलं आणि दात हलला म्हणून जे भोकाड पसरलं... आणि ती बाई माझ्याकडे बघते! "खोटं आहे हे लिंबू?" म्हटलं, हो, खोटं आहे. शेजारचा सोफाही भाड्याचा आहे, सोमवारी परत जाणार. आता विचारलं तर सांगू नको? तुम्हीच सांगा, मी काय खोटं बोललो?

दुसरे एक गृहस्थ आले. "पाणी?" एजंट म्हणाला, "चोवीस तास!" मी म्हटलं, सकाळी सहा ते साडेआठ, पण साडेसातनंतर करंगळीएवढी धार. गृहस्थ गेले. आणखी एका बाईंनी विचारलं, "हवा कशी?" एजंट, "मस्त, काश्मीर... म्हणजे एकदम गार!" मी म्हटलं, पश्चिमेची खिडकी, दुपारी तीनला भिंतीला हात लावून दाखवा. बाईंनी कपाट उघडलं. झालं! गाद्या, औषधं, मशीनचं झाकण, सासरे... सगळे बाईंच्या अंगावर!

पण तळपायाची आग मस्तकात कधी गेली ते ऐका. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आधी हा मला गॅलरीत घेऊन गेला आणि हळूच म्हणतो, "काका, काकूंना आतच बसवा. उठू देऊ नका. काकूंचे गुडघे दिसले की लोकांना जिने दिसतात."

म्हणजे हिला लपवायचं! लिंबं टेबलावर आणि माझी बायको आत! मी त्याला जिन्यावरून खाली ढकलणारच होतो, एकाहत्तर पायऱ्या, फुकट मोजून मिळाल्या असत्या... पण हिनं ऐकलं होतं. मग केस नीट केले, काठी पलंगाखाली सरकवली, आणि बसली हसत, फोटो काढायला बसावं तशी. लोक आले, आईला घेऊन, घरभर फिरले, "काकू, बसा, बसा, उठू नका" म्हणाले, आणि एजंट म्हणतो, "हे दोघं आता परदेशी मुलाकडे चाललेत." कुठला मुलगा? आम्हाला एकच मुलगी, ती दोन बस बदलून येते! मी म्हटलं, मुलगा नाही. परदेश नाही. हिला जिने चढवत नाहीत म्हणून विकतोय, आणि तुमच्या आईलाही चढवणार नाहीत, त्या पहिल्या मजल्यापासून धापा टाकतायत, त्यांना आधी पाणी द्या.

ते गेले. मला वाटलं, ही म्हणेल, बरं केलंत. तर ही म्हणाली, "चार दिवस राहिलेत." बस. तेवढंच. आणि पलंगाखालून काठी काढायला वाकली तर वाकवेना तिला. मी काढून दिली. तेव्हा मात्र मला माझाच राग आला... नाही, पण खरं सांगा, मी काय खोटं बोललो होतो?

रविवार उजाडला. महिन्यातला शेवटचा. अकराला कुणीतरी येणार होतं. हिनं हात पुढे केला. "टेप द्या." म्हटलं, कशाला? "द्या म्हणते ना! आणि खाली जाऊन बसा. पेपर वाचा, मुंग्या मोजा, काय हवं ते करा. मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही." बत्तीस वर्षांत मी भल्याभल्यांचे तराजू जप्त केले, आणि माझी टेप जप्त झाली ती माझ्याच दारात!

बसलो गेटजवळ. एजंट आधीच वर गेला होता. साडेदहाला एक जोडपं आलं. आता दुसऱ्या मजल्यावर गणिताचे क्लास चालतात, आईबाप चौकशीला येतच असतात, मला वाटलं त्यातलेच. पुरुष म्हणाला, "काका, इथंच राहता? बिल्डिंग कशी आहे?" आता विचारल्यावर सांगू नको? सांगितलं! पाण्यापासून सुरुवात केली. पश्चिमेचं ऊन, गच्चीची गळती, तिसऱ्या मजल्यावरचा पहाटे पाचला गाणारा, वायरिंग जुनं, पार्किंगला जागा एक आणि भांडणारे सहा... वीस मिनिटं! शेवटी पायऱ्यांचा आकडा सांगितला, चौदावी जरा उंच आहे तेही सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि वर गेले. दुसरा मजला ओलांडला. तिसरा ओलांडला. आणि चौथ्यावर आमची बेल वाजली!

माझी पाचावर धारण बसली. संपलं. म्हटलं, गेला तळमजला. आता हिला कुठल्या तोंडानं सामोरा जाऊ? पाऊण तास मी गेटवर उभा, घामाघूम. मग एजंट धावत खाली आला आणि त्यानं मला मिठी मारली. त्यानं! घेतलं म्हणे! बयाणा देतायत!

मागून तो पुरुष उतरला. मला बघून हसला. "काका, आम्ही सव्वीस घरं बघितली. सगळीकडे एकच, 'एक नंबर घर आहे.' घाबरूनच गेलो होतो. दोष नेमके किती ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. आठ. आठच ना?" म्हटलं, फोटो उतरवलेत तिथं भिंतीवर डाग आहेत. नऊ. "चालेल," म्हणाला. आणि त्याची बायको टपाल वाटते. म्हणाली, "एकाहत्तर? माझ्या रोजच्या कामात एवढ्या पहिल्या गल्लीतच होतात." आणि एजंट? पूर्ण कमिशन घेतलं, आणि जाताना वाडगा उचलून म्हणतो, "बघितलंत ना काका? लिंबांनी काम केलं!" लिंबांनी!! सात लिंबं, त्यातलं एक चावलेलं!

आलो तळमजल्यावर. तीन आठवडे झाले. आता तुम्ही म्हणाल, सुखी असाल. कसला सुखी! ही घरात असते कुठे? सकाळी काठी घेऊन दोन पायऱ्या उतरते ती गायब! त्या निळ्या छत्रीवालीला शोधून काढलं, कुत्र्याचं नाव विचारून आली. घर विकून शेजारच्या गल्लीत गेलेल्या शिक्षिकेकडे जाते, बाकावर बसते, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याशी गप्पा मारते. दोन वाजतात, तीन वाजतात, मी खिडकीशी बसलेला. काल चारला आली, गाल लाल, चपलांना चिखल. मी तडकलोच. होतीस कुठे इतका वेळ? तर काठी कोपऱ्यात ठेवत म्हणते, "कुठे नाही हो, जरा खाली गेले होते."

खाली! तळमजल्यावरून! ज्या माणसानं आयुष्यभर चार ग्रॅम सोडले नाहीत, त्याच्या तोंडावर! तोंड उघडलं मी... आणि मिटलं. म्हटलं, बरं. हात धू, चहा टाकतो.