बियाण्याचं झाड

(गच्ची. लिंबू-तुळशीच्या पाच कुंड्या. एका झाडाचे सगळे तुरे नुकतेच खुडलेले.)

ताई — हात शिवशिवत होते का रे तुझे? की डोळे फुटले होते?

गोट्या — अगं, पण झालं काय? फुलंच तर खुडली. लिंबू-तुळशीला फुलं आली की पानं कडू होतात, हे तूच घसा फोडून सांगतेस ना?

ताई — चार झाडांचं सांगते! या पाचव्याला हात लावायचा नव्हता. बियाण्याचं झाड आहे हे. लाल दोरा बांधला होता मी, चांगला ढळढळीत!

गोट्या — मला वाटलं, झाड वाकलंय म्हणून बांधलाय.

ताई — वाटलं! तुला वाटायचं आणि मी निस्तरायचं. आई गेल्यापासून सहा वर्षं तिचं बी जपतेय मी. दरवर्षी एक झाड फुलू द्यायचं, तुरे वाळले की बी झाडून घ्यायचं.

गोट्या — मग मागच्या वर्षीचं असेल ना बाटलीत?

ताई — बुरशी लागली त्याला. जे धड होतं ते सगळं पेरलं, तीच ही पाच.

गोट्या — रोपवाटिकेतून आणू की.

ताई — आणलं होतं एकदा. पान चुरगाळून नाकाला लावलं, लिंबाचा पत्ता नाही! आईच्या झाडाला नुसतं पाणी घातलं तरी हाताला वास राहतो.

गोट्या — बरं, मग या चारांना येऊ दे फुलं.

ताई — थंडी तोंडावर आलीय. दाणा भरायला दीड महिना लागतो, त्याआधी झाडं काळी पडतील.

गोट्या — मग आधी सांगायचंस! आईनेही मला कधी सांगितलं नाही. सगळं तुम्हा दोघींच्यात.

ताई — तू गच्चीवर पाय तरी ठेवायचास का? आजच बरं सुचलं!

गोट्या — तू येणार म्हणून! म्हटलं, आई करायची तसा मासा करू. तुरे, पानं, सगळं घातलंय रश्श्यात. अर्धा तास उकळतंय.

ताई — अर्धा तास? अरे, गॅस बंद केल्यावर घालतात ती पानं! म्हणजे बी गेलं ते गेलंच, वर मासाही गेला.

गोट्या — ओरडू नकोस, खाली ऐकू जातं.

ताई — जाऊ दे!

गोट्या — ऐकून तर घे. या चारांचे शेंडे कापू. पाण्यात ठेवले की आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. तू घरी घेऊन जा, तुझ्या खिडकीत थंडीभर जगतील. बी तिथेच धर. दर रविवारची तुझी खेपही वाचेल.

ताई — काय वाचेल?

गोट्या — खेप. दोन बस बदलून येतेस, जीव अर्धा होतो तुझा.

ताई — अरे गाढवा, खेपच वाचवायची असती तर पहिल्याच वर्षी कुंडी काखोटीला मारून नेली नसती मी?

गोट्या — म्हणजे?

ताई — घर तुझ्या नावावर झालं, मी चकार शब्द काढला नाही. पण इथे यायला मला काहीतरी निमित्त हवं ना!

गोट्या — आपल्याच घरी यायला निमित्त कसलं लागतं तुला?

ताई — लागतं. दार तुझी बायको उघडते. आणि उंबऱ्यातच विचारते, 'ताई, आज काय काम काढलंत?'