आईशी अहोजाहो

ताई: नमनाला घडाभर तेल नको. आई फोनवर "मला घेऊन जा" का म्हणाली, ते आधी सांग.

धाकटी: हळू बोल, आत पडलीय ती. आत्ताच अंग पुसून दिलंय.

ताई: काही बोललीस का तिला? ओरडलीस?

धाकटी: ओरडायला तरी जीव हवा ना.

ताई: अगं, तू हॉस्पिटलातली सिस्टर. आई तुझ्याकडे म्हणून मी निर्धास्त होते.

धाकटी: सगळेच निर्धास्त आहेत, ताई. वॉर्डात कुणी गेलं की त्याच्या बायकोला पोटाशी धरायचं, आणि डोळे पुसून लगेच शेजारच्या खाटेपाशी हसत जायचं. नातेवाइकांचे शिव्याशाप वर. घरी येते तेव्हा आत काही उरलेलं नसतं.

ताई: ते ठाऊक आहे गं. पण इथं झालं काय?

धाकटी: परवा ड्यूटीवरून आले, तर आईचं अंथरूण ओलं. चादर बदलायला घेतली आणि म्हणाले, "आजी, जरा कुशीवर वळा. घाबरू नका हं."

ताई: आईला? आजी?

धाकटी: दिवसभर तेच तोंडात असतं. चादर खोचून झाली तरी माझ्या लक्षात आलं नाही. ती निमूट वळली. म्हणाली, "हो, सिस्टर."

ताई: चेष्टा केली असेल. खोडच आहे तिला.

धाकटी: डोळे भरले होते तिचे. आणि मला काहीच वाटलं नाही, ताई. मी तिची नाडी बघितली.

ताई: ...मी नेते तिला. उद्याच नेते.

धाकटी: ने. तू म्हणालीस आणि मला हलकं वाटलं बघ. आई जाणार म्हणून जिला हलकं वाटतं, अशा मुलीला काय म्हणायचं?

ताई: दमलेली म्हणायचं. दुसरं काय?

आई: (आतल्या खोलीतून) पाय गेलेत माझे, कान नाही. इकडे ये गं धाकटे.

धाकटी: आई, मी तुला...

आई: रागावून नाही चालले मी. एका ड्यूटीवरून सुटून तू दुसऱ्या ड्यूटीवर येतेस. ताईकडे भेटायला येशील, तेव्हा कामावर नाही, आईकडे येशील.

धाकटी: आणि तेव्हाही काही वाटलं नाही तर?

आई: तर नुसती माझ्याजवळ झोप. पाणीसुद्धा मागणार नाही मी.