मागच्या खोलीची नोटीस

क्लाइव्ह: कोट नंतर काढ, जॅनिस. आधी हे वाच. तुझ्याच ऑफिसातून आलंय.

जॅनिस: त्यात काय आहे ते मला माहीत आहे.

क्लाइव्ह: तरी वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे.

जॅनिस: "मागील अंगणातील बांधकामास केवळ गॅरेज म्हणून परवानगी आहे. तेथे कोणीही वास्तव्य करू नये. सदर नोटीस घराच्या प्रत्येक नव्या मालकावर बंधनकारक राहील." झालं? आई कुठाय?

क्लाइव्ह: त्या गॅरेजात. जेवून पडलीय. गुरुवारी तुमचा इन्स्पेक्टर येऊन गेला. तिचा पलंग, तिची न्हाणी, भिंतीला लावलेला आधाराचा दांडा, सगळ्याचे फोटो काढले. महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणाला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला!

जॅनिस: हळू बोल. तिला सांगितलंस?

क्लाइव्ह: मीटर वाचायला आला होता म्हणालो. खरं काय ते आता तू सांग. पगार घेतेस ना नगरपालिकेचा!

जॅनिस: मी पगार घेते तो सर्च रिपोर्ट पाठवायचा. घर घेणाऱ्याचा वकील विचारतो, या घरावर काही नोटीस, काही बंधन आहे का? मी दप्तर बघते, उत्तर देते. तुझ्या वकिलालाही दिलं.

क्लाइव्ह: मंगळवारी! किल्ल्या आदल्या शुक्रवारीच हातात आल्या होत्या!

जॅनिस: मग चार दिवस थांबायचं होतंस.

क्लाइव्ह: थांबायचं! आईचं ग्रिम्सबीचं घर घेणारे शुक्रवारवर अडून बसले होते. ते गेले असते तर तिचं घर विकलं गेलं नसतं, आणि ते विकल्याशिवाय हे घेणार कसं? दोन्ही व्यवहार एकाच दिवशी उरकायचे होते.

जॅनिस: वकिलाने अडवलं नाही?

क्लाइव्ह: त्याने कागद पुढे सरकवला. 'रिपोर्ट हाती नसताना व्यवहार पूर्ण करतो आहे, धोका माझा.' बँकेचं कर्ज असतं तर बँकेनेच हात धरला असता. कर्ज नव्हतं. केली सही.

जॅनिस: न वाचता?

क्लाइव्ह: वाचून. हसत हसत. त्याला म्हटलं, साहेब, माझी सख्खी बहीण त्या टेबलावर बसते. काही वावगं असतं तर एव्हाना तिचा फोन आला असता.

जॅनिस: असं म्हणालास तू?

क्लाइव्ह: छाती फुगवून. पाच आठवडे अर्ज तुझ्याकडे पडून होता, आणि तू गप्प होतीस. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

जॅनिस: पडून नव्हता, रांगेत होता. त्याच्या आधी एकशेचाळीस घरं होती. त्या लोकांना घाई नव्हती का?

क्लाइव्ह: भावाचा एक कागद वर घेता आला नाही?

जॅनिस: नाही. आणि तू घे म्हणालाही नाहीस.

क्लाइव्ह: म्हणालो असतो तर तू मला नियम ऐकवले असतेस. लहानपणी आईस्क्रीमच्या गाडीपाशीसुद्धा मला मागे उभं करायचीस. बरं, नको घेऊस वर. पण पत्ता तर वाचलास ना?

जॅनिस: वाचला.

क्लाइव्ह: मग ही नोटीस?

जॅनिस: सहा वर्षांपूर्वी मीच टाइप केली होती. आधीच्या मालकाने तिथे भाडेकरू ठेवला होता.

क्लाइव्ह: म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक होतं.

जॅनिस: हो.

क्लाइव्ह: आणि ते काही गुपित नव्हतं! रस्त्यावरचा कोणीही येऊन ते दप्तर बघू शकतो.

जॅनिस: कोणीही. तूसुद्धा. बसने वीस मिनिटं लागतात, क्लाइव्ह. मला वाटलं, रिपोर्ट जाईल, तू वाचशील, घर सोडून देशील. कुणी कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. शहाणा माणूस रिपोर्ट येईपर्यंत थांबतो.

(आई काठी टेकत मागच्या दारातून येते.)

आई: मीटर वाचणारा माणूस माझ्या पलंगाचा फोटो कशाला काढेल रे? मी काय खुळी आहे? कधी निघायचं तेवढं सांगा.

क्लाइव्ह: आई, तू बस आधी. आपण वकील बघू, अपील करू—

आई: जॅनी, त्या पाच आठवड्यांत रोज संध्याकाळी सहाला तुझा फोन यायचा. गोळी घेतलीस का, खोकला कसाय. मी तुला सांगायचे, खोलीला पिवळे पडदे लावणार आहे. तू म्हणायचीस, छान दिसतील.

जॅनिस: आई, मला बोलता येत नव्हतं.

आई: नोकरी गेली असती?

जॅनिस: नसती गेली.

आई: मग?

जॅनिस: त्या टेबलावर बसून माझ्या माणसांसाठी मी कधीच काही केलं नाही, आई. एकतीस वर्षांत एकदाही नाही. त्याचाच अभिमान होता मला.

क्लाइव्ह: वा! अभिमान!

आई: तू गप्प बस. तुला विचारायची लाज वाटली, हिला सांगायची लाज वाटली, आणि घर गेलं माझं. मघापासून दाराआडून ऐकतेय. चूक कुणाची ते ठरवताय. म्हातारीला कुठे झोपवायचं, एका शब्दाने तरी बोललात का?

क्लाइव्ह: वर मुलांची खोली आहे, पण तो जिना...

जॅनिस: माझं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट...

आई: राहू द्या. ऐकलं मी.

जॅनिस: आई, तू रडतेस का?

आई: नाही. ग्रिम्सबीच्या त्या जोडप्याची आठवण झाली. माझं घर घेतलं ना, ते. आठ आठवडे थांबली बिचारी. गटाराचा कागद आला नाही, रस्त्याचा आला नाही, अजून एक यायचाय, रोज तेच. सगळे हाती आले तेव्हा कुठे शुक्रवार धरला. मी एजंटला फोनवर म्हटलं, कसली भित्री माणसं आहेत ही.

क्लाइव्ह: तुला काय माहीत होतं, आई...

आई: भित्री नव्हती रे. शहाणी होती. सुखाने राहतील माझ्या घरात.