माझ्या बिछान्याखालचे डबे

हसू नका, पण भर समुद्रात आमचा जीव वाचला तो बेंबळीच्या पाण्याच्या टँकरमुळं. जहाजावरच्या नोकरीतून रिटायर झालो, शिडाची एक छोटी बोट घेतली आणि मी अन् बायको, मंगल, दोघंच चेन्नईहून अंदमानला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी बघतो तर ही गोडेतेलाचे रिकामे डबे घासून पाण्यानं भरतेय.

"अगं, बोटीला टाकी हाय की! हे ओझं कशाला? टाकून दे."

"व्हय," म्हणाली. मी निर्धास्त.

पाचव्या दिवशी चहाचा घोट घेतला अन् थुंकला. नुसतं मीठ! टाकीचं झाकण म्याच नीट आवळलं नव्हतं, लाटांचं पाणी आत गेलेलं. अंदमान अजून चार दिवस लांब. मी डोकं धरून बसलो.

"उठा तिथनं," मंगल म्हणाली. उठलो. तिनं माझ्याच बिछान्याखालची फळी उचलली. खाली ओळीनं सगळे डबे, काठोकाठ भरलेले.

"टाकले न्हाईस व्हय?"

"अवो, बेंबळीत माझ्या माहेरी टँकर आठ दिवसांनी यायचा. भांडं रिकामं दिसलं की मला झोप लागत न्हाय."

पुढं महिनाभर आम्ही बेटं फिरलो. लई देखणी बेटं, पण धक्क्याला लागलं की ही आधी नळ शोधायची. ती डबे भरायची अन् मी गुमान झाकणं लावायचो. एकेक झाकण दोनदा आवळून.